नदीचा केसपेपर

सेकंड इयरला आमचा पर्यावरणाचा प्रोजेक्ट होता. ग्रुपनं विषय घेतला गावाजवळची नदी. विषय सोपा, नदी जवळ आणि वडापावची गाडी त्याहून जवळ. एका रविवारी सकाळी गेलो, दोन बाटल्या पाणी भरलं, पीएचची पट्टी बुडवली, फेसाचे चार फोटो काढले आणि दुपारच्या जेवणाला घरी परत. निष्कर्षात ठळक अक्षरांत लिहिलं की नदी अत्यंत प्रदूषित आहे.

व्हायवाला सरांनी फाइल चाळली आणि एकच विचारलं. आधी कशी होती?

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. कुणीतरी म्हणालं, चांगली होती सर. चांगली म्हणजे काय? कोणते मासे होते? तळाशी काय राहायचं? कधीपर्यंत होतं? माझी आजी सांगते की लहानपणी त्याच नदीच्या वाळूत झिरा उकरून त्या पाणी प्यायच्या. पण आजीच्या आठवणीला तारीख नाही, की माशांची यादी नाही. मार्क मिळाले. प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

परवा नदीवरच्या एका बातमीसाठी वाचत होते, तेव्हा स्टीफन फोर्ब्स हे नाव समोर आलं. इकॉलॉजी शिकणाऱ्यांना हे नाव नक्की माहीत असतं, आपल्यासारख्यांना नसतं. या माणसाने अनेक वर्षं एका नदीचा अभ्यास केला आणि ती निरोगी असतानाच तिचा केसपेपर काढून ठेवला. पुढे ती नदी आजारी पडली, तेव्हा जगात फार थोड्या नद्यांकडे होतं ते तिच्याकडे होतं. आधीचं पान.

घोडदळातला पोरगा

स्टीफन आल्फ्रेड फोर्ब्सचा जन्म २९ मे १८४४ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, एका शेतकरी कुटुंबात. स्टीफन दहा वर्षांचा असताना वडील वारले. घराचा भार मोठा भाऊ हेन्रीवर आला. हेन्रीनं शेती सांभाळली आणि धाकट्याला शिकवलंही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दोघे भाऊ घोडदळात भरती झाले. स्टीफन तेव्हा सतरा वर्षांचा, म्हणजे आपल्याकडे अकरावी-बारावीचं वय. पुढच्याच वर्षी तो शत्रूच्या हाती लागला आणि चार महिने कैदेत राहिला. त्या दिवसांतही पुस्तकं मिळवून तो ग्रीक भाषा शिकत होता, असं सांगतात. सुटल्यावर आजारातून उठला, परत पलटणीत गेला आणि विसाव्या वर्षी कॅप्टन झाला.

युद्ध संपलं आणि मग सुरू झाला तो प्रश्न, जो तुम्हा-आम्हाला आत्ता पडलाय. पुढे काय? स्टीफन शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजात दाखल झाला आणि डिग्री न घेताच बाहेर पडला. खेड्यांतल्या शाळांमध्ये मास्तरकी केली. फावल्या वेळात रानात भटकून झाडंझुडपं गोळा करायची, त्यांची नावं शोधायची, टिपणं काढायची. ना गुरू, ना लॅब.

पण ही टिपणं छापून आली, लोकांच्या नजरेत भरली. १८७२ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, फोर्ब्सना राज्याच्या निसर्ग-संग्रहालयाचे क्युरेटर नेमलं गेलं. संग्रहालय होतं त्या गावाचं नाव नॉर्मल. हो, खरंच. पाच वर्षांनी त्यातूनच राज्याची निसर्ग-प्रयोगशाळा उभी राहिली आणि फोर्ब्स तिचे प्रमुख झाले.

हातात साधी बीएची डिग्रीही नव्हती. इंडियाना विद्यापीठानं १८८४ मध्ये त्यांना थेट पीएच.डी. दिली, तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. (केटी लागलेल्यांनी लगेच पार्टी ठरवू नये. त्याआधी त्यांनी काय काम केलं होतं, ते पुढे वाचा.)

माशाच्या पोटात काय?

फोर्ब्सचं ते काम ऐकायला थोडं किळसवाणं आहे. ते माशांची पोटं फाडायचे.

इलिनॉयमध्ये मासेमारी हा मोठा धंदा होता. मासे वाढवायचे कसे, हा सरकारचा प्रश्न. फोर्ब्सना वाटलं, मासा खातो काय हेच माहीत नसेल, तर तो वाढवणार कसा? मग त्यांनी वेगवेगळ्या जातींचे, वेगवेगळ्या वयांचे मासे घेतले, पोटातलं सगळं बाहेर काढलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तुकडा ओळखत बसले. किड्याचा पाय, शिंपल्याचा तुकडा, शेवाळाचा धागा. असे हजाराहून जास्त मासे त्यांनी तपासले.

त्यातून एक गोष्ट वर आली. मोठेपणी मासा काहीही खात असो, अंड्यातून बाहेर आल्यावर जवळजवळ सगळ्याच जातींची पिल्लं पाण्यातल्या एकाच प्रकारच्या खाण्यावर जगतात. डोळ्यांना जेमतेम दिसणारे, कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव. म्हणजे पाच किलोचा मासा शेवटी टाचणीच्या टोकाएवढ्या जिवावर उभा. ते बारीक जीव शेवाळावर, आणि शेवाळ पाण्यावर आणि उन्हावर.

२५ फेब्रुवारी १८८७ ला इलिनॉय नदीकाठच्या पिओरिया शहरातल्या विज्ञान मंडळात त्यांनी एक निबंध वाचला. विषय होता तळं. तळं हे एक छोटं, पुरं जग आहे, त्यातल्या एका जिवाला धक्का लागला तर तो सगळ्यांपर्यंत पोचतो, आणि म्हणून एक मासा समजून घ्यायचा असेल तर अख्खं तळं समजून घ्यावं लागेल, असा त्याचा गाभा. आज नववीतला मुलगा हे पाठ म्हणून दाखवेल. पण 'इकोसिस्टिम' हा शब्द तेव्हा नव्हता. तो आला १९३५ मध्ये, जवळजवळ पन्नास वर्षांनी.

तरंगती लॅब

इलिनॉय नदी सुमारे ४४० किलोमीटर लांब. शिकागोच्या नैर्ऋत्येला उगम पावते, तिरकी वाहत जाते आणि मिसिसिपीला मिळते. उतार अगदी कमी, त्यामुळे पाणी संथ. दर वसंतात पूर यायचा, पाणी काठ सोडून सपाट रानात पसरायचं आणि दोन्ही बाजूंची शेकडो तळी भरायची. मासे तिकडे जाऊन अंडी घालायचे. पूर ओसरला की पिल्लं नदीत. पूर म्हणजे संकट असं आपण समजतो. या नदीसाठी पूर म्हणजे बाळंतपण होतं.

१८९४ मध्ये फोर्ब्सनी नदीकाठच्या हॅवाना गावी (क्युबाचं हॅवाना नव्हे) जीवशास्त्राचं केंद्र सुरू केलं. लॅब होती एका हाउसबोटीवर. नदी शिकायची तर नदीवर राहायला पाहिजे, इतका साधा हिशेब. तिथे ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीनं, वर्षभर पाण्याचे नमुने घेतले जायचे. पूर असो, बर्फ असो. चार्ल्स कोफॉइड या तरुण शास्त्रज्ञानं १८९४ ते १८९९ या काळातल्या प्लँक्टनचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचा, हिशेब पुढे दोन जाडजूड खंडांत मांडला.

मी हे वाचताना विचार करत होते की किती कंटाळवाणं काम असेल! जाळी टाका, बाटली भरा, मोजा, लिहा. परत तेच. बातमी होईल असं काही घडत नाही. नदी ठणठणीत आहे, मग मोजायचं कशाला?

पण ती हाउसबोट नदीवर उभी होती, तेव्हाच वरच्या अंगाला शिकागो शहर एक कालवा खोदत होतं.

शहरानं नदी उलटी फिरवली

शिकागोची अडचण खरी होती. शहर पिण्याचं पाणी घ्यायचं मिशिगन सरोवरातून, आणि शहराचा मैला वाहून नेणारी शिकागो नदी जाऊन मिळायची त्याच सरोवराला. टायफॉइडनं माणसं मरत होती. उपाय काढला तो अचाट होता. सुमारे ४५ किलोमीटरचा कालवा खोदून नदीचा प्रवाहच उलटा फिरवायचा. जानेवारी १९०० मध्ये कालवा सुरू झाला. शिकागोचा मैला सरोवराऐवजी खाली, इलिनॉय नदीकडे निघाला. सरोवर वाचलं, शहर वाचलं.

खालच्या अंगाला असलेलं मिझुरी राज्य कोर्टात गेलं. मुद्दा होता रोगजंतूंचा. १९०६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात मिझुरी हरलं.

आता गंमत बघा. मैला सुरू झाल्यावर इलिनॉय नदीतली मासेमारी वाढली! १९०८ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाख पौंड, म्हणजे जवळजवळ ११ हजार टन मासे निघाले. कालव्याच्या पाण्यानं नदीची पातळी चढली होती, रानात जास्त पाणी पसरत होतं आणि मैल्यातलं खत मिळून प्लँक्टनही फोफावलं होतं. निम्म्याहून जास्त मासे मात्र कार्प होते, बाहेरून आणून १८८०च्या दशकात सोडलेले. गढूळ पाण्यातही तग धरणारे.

कुणीही म्हणालं असतं, बघा, नदी मस्त चाललीये. फोर्ब्सच्या स्वतःच्या पाहणीतही प्लँक्टन वाढलेलं दिसत होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. पण ते तेवढ्यावर थांबलेही नाहीत. त्यांनी तळाशी हात घातला.

गाळ खोटं बोलत नाही

१९११ आणि १९१२ मध्ये फोर्ब्स आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट रिचर्डसन वरच्या इलिनॉय नदीवर उतरले. फोर्ब्स तेव्हा सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांचे. दोघांनी टप्प्याटप्प्यानं नदीचा तळ उपसला, पाण्यातला ऑक्सिजन मोजला आणि कुठे कोण राहतंय याची यादी केली.

यामागचं लॉजिक समजायला सोपं आहे. मैला पाण्यात आला की जिवाणू तो खायला लागतात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. जिथे ऑक्सिजन संपला, तिथे मासा पळून जाऊ शकतो. तळाशी चिकटलेला शिंपला, गोगलगाय, किड्याची अळी कुठे पळणार? ज्यांना जमतं ते जगतात, बाकीचे मरतात. बाटलीतलं पाणी फक्त त्या मिनिटाची गोष्ट सांगतं. सकाळी अकराला बाटली भरली आणि रात्री दोनला कुणी घाण सोडली, तर बाटलीला काय कळणार? तळाचे जीव मात्र महिनोन् महिने चोवीस तास तिथेच असतात. त्यांची हजेरी हाच रिपोर्ट.

वरच्या भागात दोघांना काय दिसलं? काळा, सडका गाळ, पांढुरक्या-करड्या बुरशीसारखे पुंजके आणि गाळात वळवळणारे लाल बारीक किडे. घरी फिशटँक असेल तर हे किडे तुम्ही पाकिटातून विकत आणले असतील. ट्युबिफेक्स. अगदी थोड्या ऑक्सिजनवर निभावणारा गडी. हा एकटाच भरमसाट संख्येनं दिसला की समजायचं, बाकीचे गेले. मासे तिथे जवळपास नव्हतेच. जसजसं खाली जावं, तसतसं नदी स्वतःला सावरत होती. आधी थोडे चिवट जीव, मग गोगलगायी आणि शिंपले, मग स्वच्छ पाण्याशिवाय न जगणाऱ्या किड्यांच्या अळ्या आणि नाना जातींचे मासे.

यावरून त्यांनी नदीचे पट्टे पाडले. सडलेला, प्रदूषित, बाधित आणि स्वच्छ. १९१३ मध्ये हा अभ्यास छापून आला. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी चार-पाच वर्षं आधी अशीच पद्धत मांडली होती. आज जगभर नदीची तब्येत तळाच्या जिवांवरून ठरवली जाते, त्याची मुळं या कामांत आहेत.

फोर्ब्सकडे आणखी एक गोष्ट होती, हॅवानाच्या जुन्या वह्या. त्यामुळे आज काय आहे एवढंच नाही, तर काय गेलं हेही त्यांना सांगता येत होतं.

१९१९ मध्ये दोघांनी पुढचा हिशेब मांडला. घाणीचा पट्टा खाली सरकत होता. काही वर्षांपूर्वी जे भाग स्वच्छ म्हणून नोंदले होते, तिथे आता प्रदूषणाच्या खुणा होत्या. १९२०च्या दशकात रिचर्डसन परत त्याच जागी, त्याच पद्धतीनं तळ उपसत राहिले. पिओरियाच्या आसपासचे स्वच्छ पाण्यातले गोगलगायी-किडे जवळपास नाहीसे झाले होते. जिथे फोर्ब्सनी अख्खं तळं समजून घ्या असं सांगितलं, तेच हे पिओरिया.

दुसरीकडे बांध घालून पुराची रानं शेतीसाठी कोरडी करणं चालू होतं. खालच्या नदीकाठची जवळपास निम्मी पूरभूमी अशी तोडली गेली. हॅवानाजवळचं थॉम्पसन तळं, माशांसाठी नावाजलेलं, तेही १९२०च्या दशकात उपसून शेत केलं गेलं. बाळंतपणाची खोलीच गेली.

ते ओरडले नाहीत

खरं सांगू? इथे फोर्ब्स मला थोडे खटकतात. सगळं दिसत असताना त्यांनी मोर्चा काढला नाही, शिकागोविरुद्ध आगपाखड केली नाही. ते राज्याचे पगारी शास्त्रज्ञ होते आणि मैला सोडणारं शहर त्याच राज्याचं. आजची असते तर त्यांची कमेंट्समध्ये धुलाई झाली असती.

पण मग वाटतं, की जे घडलं ते त्यांनी नोकरी सांभाळूनही जसंच्या तसं लिहिलं. मासे वाढले तेव्हा वाढले लिहिलं. तळ मेला तेव्हा मेला लिहिलं. दोन्ही लिहिलं म्हणून दोन्हीवर विश्वास बसतो. १३ मार्च १९३० ला, पंच्याऐंशीव्या वर्षी ते गेले. शिकागोची मैलापाणी शुद्ध करणारी मोठी केंद्रं तेव्हा कुठे एकेक करून सुरू होत होती. नदी बरी झालेली त्यांनी पाहिली नाही.

हॅवानाचं केंद्र आज त्यांच्या नावानं चालू आहे. १९५७ पासून तिथले शास्त्रज्ञ इलिनॉय नदीत ठरलेल्या पद्धतीनं मासे मोजतात. १९७२ च्या कडक पाणी कायद्यानंतर हळूहळू माशांच्या जाती परत येताना याच मोजणीत दिसल्या. आणि थॉम्पसन तळं? २००० साली एका निसर्गसंस्थेनं ती जमीन विकत घेतली, २००७ मध्ये पंप बंद केले. पाणी आपोआप परत आलं. ऐंशीएक वर्षं शेत असलेल्या जागी परत तळं! तिथे आधी काय काय होतं, हे कुणाच्या आजीला विचारायची गरज नव्हती. लिहिलेलं होतं.

आपलं आधीचं पान

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित म्हणून नोंदलेत. त्यातले ५५ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. ही यादी ठरते बीओडीवर, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाईल या आकड्यावर. तो गरजेचा आहेच. तळाच्या जिवांवरून नदीला पाच श्रेणी देण्याची पद्धतही मंडळाकडे आहे, पण आपल्या कानावर येतो तो बीओडी. आपल्या नदीत चतुराच्या अळ्या आहेत का, शिंपले कुठपर्यंत आहेत, हे मी तरी कुठल्या बातमीत वाचलेलं नाही. लिहिलेलंही नाही, हे आधी कबूल करते.

मागच्या रविवारी मी आणि प्रोजेक्टमधली एक मैत्रीण परत त्याच नदीवर गेलो. या वेळी वही, आईची जुनी पिठाची चाळणी (आईला सांगू नका) आणि रबरी हातमोजे. पुलाखाली गाळ चाळला. लाल किडेच किडे, दुसरं काही नाही. मग गावाच्या वर, बंधाऱ्यापलीकडे चालत गेलो. तिथे दगड उलटा केला, तर खाली चतुराच्या दोन अळ्या, बारक्या गोगलगायी आणि पायांनी तुरुतुरु पळणारं काहीतरी, ज्याचं नाव अजून शोधतोय. एकाच नदीवर, दोन-अडीच किलोमीटरच्या अंतरात, फोर्ब्सचे दोन पट्टे.

आम्ही तारीख, वेळ, जागा आणि सापडलेल्या जिवांची संख्या लिहिली. दगडाचा फोटो काढला, म्हणजे पुढच्या महिन्यात तोच दगड शोधता येईल. कुणी मार्क देणार नाही. सर रिटायर झालेत, पण त्यांना वही दाखवायला नेणार आहे. आधी कशी होती, याचं उत्तर आमच्याकडे अजूनही नाही. आत्ता कशी आहे, ते पहिल्या पानावर आहे.